शाळेचं काम : मंडळीच्या नोंदी (जून २०२५ ते फेब्रुवारी २०२६)

आधी थोडक्यात सांगते. गाव नेवासा तालुक्यातलं, नाव मुद्दाम टाकत नाही कारण यात लहान पोरांच्या गोष्टी आहेत. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, शिक्षक दोन. चर्च आमचं जुनं, अमेरिकन मराठी मिशनच्या काळातलं. मंडळी म्हणजे या चर्चची सगळी माणसं. मी पास्टरेट कमिटीत (चर्चचा कारभार बघणारी कमिटी) आहे, नोकरी पतसंस्थेत, म्हणून शाळेच्या वेळेत माझं जाणं कमी आणि वहीत लिहिणं जास्त. पाळकसाहेब म्हणाले लिहून ठेवा, पुढच्या कमिटीला कामाला येईल. तेच इथे टाइप करून टाकतेय, वाटलं तिथे काटछाट केलीये.

२२ जून २०२५, रविवार

उपासनेनंतर मीटिंग. विषय नेहमीचाच, शाळा १६ तारखेला उघडली तर वह्यावाटप कधी. दरवर्षी जूनमध्ये आपण वह्या देतो, पोरांना रांगेत उभं करतो, फोटो काढतो, आणि मग पुढच्या जूनपर्यंत शाळेत काय चाललंय ते कोणाला माहीत नसतं. हे मी नाही बोलले, आबा बोलले (आबा म्हणजे आमचे एसटीचे रिटायर्ड कंडक्टर, त्यांना कुठेही काहीही बोलायची मुभा आहे). पाळकसाहेब म्हणाले यावेळी आधी गुरुजींना विचारून तर या, त्यांना काय पाहिजे ते. ठरलं, मी आणि बाई जाणार. बाई म्हणजे रिटायर्ड शिक्षिका, वय ७४, अख्खं गाव त्यांना बाईच म्हणतं.

२५ जून, बुधवार

हाफ डे टाकून गेले. गुरुजी भले माणूस आहेत, चहा मागवला, मग सरळच बोलले की ताई वह्या आत्ताच दोन ठिकाणाहून आल्यात, तुमच्या धरल्या तर तीन. पुस्तकं सरकार देतं, गणवेश सरकार देतं, दुपारचा आहार शाळेतच शिजतो. मला वस्तू नकोत, माणसं पाहिजेत.

मग हिशोब सांगितला तो असा की आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) नियमाने ६० पटापर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पट ४०-४५ असला की कागदावर सगळं बरोबरच. पण वर्ग चार आहेत ना! पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत, त्यात गुरुजींकडेच मुख्याध्यापकाचा चार्ज, आणि रोज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर ‘तात्काळ माहिती भरा’ येतंच. यंदा पहिलीचा अभ्यासक्रम नवीन, वरून हिंदीचा घोळ, पहिलीला हिंदी आहे का नाही ते १७ जूनचा जीआर वाचूनही त्यांना नक्की सांगता येईना. (तो जीआर २९ जूनला रद्दच झाला. नंतर लिहितेय हे.)

त्यांची मागणी एकच. तिसरी-चौथीतली काही पोरं अजून अक्षरावर अडलीत, त्यांच्याशेजारी बसून रोज नाही तर निदान आठवड्यातून दोनदा कोणीतरी त्यांचं वाचन ऐकायचं. एक पोर, एक माणूस, वीस मिनिटं. पण ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी. “आले तर आले असं नको, पोरं वाट बघतात,” हे त्यांनी दोनदा सांगितलं.

बाई परत येताना गाडीवर मागे बसून काहीच बोलल्या नाहीत, घरी उतरताना म्हणाल्या मंगळवार-गुरुवार मला चालतील.

२९ जून, रविवार

उपासनेत जाहिराती, म्हणजे सूचना, झाल्या तेव्हा पाळकसाहेबांनी सांगितलं, कोण कोण तयार आहे ते नाव द्या. नावं दिली कोणी, तर साठीच्या पुढच्यांनी आणि पंचवीशीच्या आतल्यांनी. बाई, आबा, सिस्टर (रिटायर्ड स्टाफ नर्स), भगिनी मंडळातल्या चौघीजणी, तरुण संघातली पाच-सहा पोरं, त्यात एक डीएड झालेली ताई आहे जी नोकरीची वाट बघतेय. आणि मधली पिढी, म्हणजे माझ्या वयाचे सगळे, त्यांनी काय केलं तर पैसे किती लागतील ते विचारलं. यात लाजण्यासारखं काही नाही, सकाळी नऊ ते सहा माणूस कामावर असतो. पण आपण ‘तीन पिढ्या मिळून’ वगैरे पोस्टरवर लिहितो ना, तेव्हा मधली पिढी म्हणजे गुगल पे, हे लक्षात असू द्यावं.

चहाच्या वेळी आबांनी जुनं काढलं. मिशनचे लोक नगरला १८३१ मध्ये आले, शाळा काढल्या, मिशनच्या मिस फरारबाईंची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी नगरला येऊन पाहिली आणि मग पुण्यात मुलींची शाळा काढली, सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं ट्रेनिंग फरारबाईंकडे झालं असं म्हणतात. ही सगळी गोष्ट आम्ही दर वर्षी कुठल्या तरी कार्यक्रमात सांगतो. आबांचा मुद्दा वेगळाच होता. आपल्या गावातली मिशनची शाळा बंद झाली, पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, तिथपर्यंत ठीक. पण तेव्हापासून शाळा हा विषयच आपण डोक्यातून काढून टाकला, आणि पूर्वजांचं कौतुक तेवढं ठेवलं. कोणी काही बोललं नाही यावर. खारी संपल्या होत्या, लोक उठले.

४ जुलै, शुक्रवार

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक. गुरुजींनी आधीच सांगितलेलं की समितीचा ठराव झाल्याशिवाय मी कोणाला वर्गाजवळ उभं करणार नाही. बरोबरच आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बाया पाहिजेत असा कायदा आहे, इथे बाया खरंच आल्या होत्या आणि बोलतही होत्या.

पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे. धर्माचं काही नाही ना? प्रश्न विचारणाऱ्याचा सूर वाईट नव्हता, आजकाल जे काही ऐकायला येतं त्यावरून कोणीही विचारेल. पाळकसाहेब मुद्दाम आलेच नव्हते, ते म्हणाले माझ्या पांढऱ्या कॉलरने उगाच चर्चा वाढेल. मी सांगितलं की सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचंच नाही, हे घटनेच्या २८व्या कलमातच आहे, आणि आम्ही आमचे नियम लिहूनच आणलेत. ते वाचून दाखवले. शाळेत बायबल नाही, प्रार्थना नाही, पत्रकं नाहीत, चर्चचा बॅनर नाही, पोरांना भेटवस्तू नाही. कोणीही माणूस एकट्या पोराला घेऊन खोलीत बसणार नाही, सगळं व्हरांड्यात, सगळ्यांच्या नजरेसमोर. पोरांचे फोटो काढायचे नाहीत. पैसे रोख द्यायचे नाहीत, वस्तू दिली तर शाळेच्या रजिस्टरला नोंद.

दुसरा प्रश्न मात्र मला सुचलाच नव्हता. एक बाई, मुलगी दुसरीत आहे, शांतपणे म्हणाल्या, “तुमची पोरं आमच्या शाळंत का नाहीत मग?”

खरंय. मंडळीतली बरीच पोरं बसने इंग्लिश मीडियमला जातात. माझीही. मी म्हणाले जातात खरी, यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्या म्हणाल्या बरं. ठराव झाला.

१० जुलै, गुरुवार

चारित्र्य पडताळणी! बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर शाळा आता बाहेरच्या माणसाबाबत फार काटेकोर झाल्यात, गुरुजींनी सगळ्यांचा पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद मागितला. फॉर्म ऑनलाइन. तरुण संघाची पोरं चर्चच्या हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसली आणि सगळ्या आज्या-आजोबांचे फॉर्म भरले. बाईंचा चेहरा बघण्यासारखा होता, म्हणे छत्तीस वर्षं शिकवलं, आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझं चारित्र्य तपासा. ज्या पोराने त्यांचा फॉर्म भरला तो त्यांचाच विद्यार्थी होता, तो म्हणाला बाई, तुम्ही आमचं दप्तर तपासायचा तेव्हा आम्ही काही बोललो का?

पण सांगायचं म्हणजे या एका दुपारीच तरुण आणि म्हातारे पहिल्यांदा नीट एकमेकांशी बोलले. एरवी तरुण संघ मागच्या बाकांवर आणि म्हातारे पुढे, उपासना संपली की दोघं दोन दारांनी बाहेर.

१५ जुलै, मंगळवार

सुरू झालं. आणि पहिल्याच दिवशी अडचण कुठली आली तर गुडघ्यांची. पोरं सतरंजीवर बसतात. आबा खाली बसले ते दोघांनी धरून उठवावं लागलं. सिस्टरनी खुर्ची मागितली, मग खुर्चीवर सिस्टर आणि खाली पोरगं, पुस्तक नेमकं कोणी धरायचं? वाकून वाकून त्यांची मान धरली. व्हरांड्यात पावसाळी अंधार, चष्मे घरी. गुरुजी बघत होते, म्हणाले शेजारी बसणं हाच तर यातला मुद्दा आहे ताई, वरून खाली बघणारी माणसं पोरांना भरपूर आहेत.

२० जुलै, रविवार

यावर तोडगा चर्चच्या स्टोअर रूममध्ये सापडला. जुने सागवानी बाक, उपासनेला आता खुर्च्या आल्या तेव्हापासून धूळ खात पडलेले. तरुण संघातला एकजण फर्निचरचं काम करतो, तो म्हणाला पाय सहा इंच कापले की पोरांचे पाय जमिनीला टेकतील आणि म्हाताऱ्यांनाही उठता येईल. मस्त! पण बाकांना हात लावायचा म्हटल्यावर मीटिंग तासभर चालली.

कारण बाकांवर पितळी पट्ट्या आहेत. अमक्याच्या स्मरणार्थ, साल १९५६, आणि खाली स्तोत्रसंहितेतलं वचन. आता आपणच लिहून दिलंय की शाळेत धर्माचं काही येणार नाही, मग वचन कोरलेला बाक शाळेत कसा ठेवायचा? एक गट म्हणाला पट्टी काढा. दुसरा गट म्हणाला आजोबांनी आईच्या नावाने दिलेला बाक, पट्टी काढणारे तुम्ही कोण. तिसरा म्हणाला बाकच नको, प्लॅस्टिकची स्टुलं घ्या, दोन हजारात काम होतं. (हे माझ्या वयाचे. पैसे लगेच काढले त्यांनी.)

शेवटी ज्यांच्या घराण्याचे बाक त्यांना फोन लावले. दोन घरं गावातच, एक पुण्याला. पुण्यातला नातू म्हणाला बाकाची मला कल्पनाच नव्हती, कापा खुशाल. गावातल्या एका घरातून मात्र नकार आला, त्या आजींनी साफ नाही सांगितलं, माझ्या सासूचा बाक आहे, तो देवाच्या घरातच राहील. तो ठेवला. मला वाटतं बरोबर केलं, प्रत्येकाकडून हो काढायलाच पाहिजे असं नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

बाक शाळेत पोचले. पट्ट्या काढून चर्चच्या आतल्या भिंतीवर एका फळीवर लावल्या, तेही त्याच पोराने केलं. गुरुजींनी डेडस्टॉक रजिस्टरला नोंद घेतली, ‘लाकडी बाक, लोकसहभाग’. बाई रजिस्टर बघून खूष झाल्या, त्यांना अशा नोंदी फार आवडतात.

१४ ऑगस्ट, गुरुवार

तरुण संघाला भिंती रंगवायच्या होत्या. नकाशा, फळं, एबीसीडी, सगळं डिझाइन मोबाइलवर तयार. गुरुजी म्हणाले छान आहे, पण त्याच्या आधी मुलींच्या टॉयलेटच्या दाराला कडी लावता का आणि तिथला नळ? कडी तुटल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे, चौथीतल्या मुली एकमेकींसाठी दार धरून उभ्या राहायच्या. पोरांनी अर्ध्या दिवसात कडी, नळ आणि टाकीचं झाकण केलं. भिंत रंगवायची राहिली. उद्या झेंडावंदनाला पाहुणे येतील त्यांना काहीच नवीन दिसणार नाही, आणि मुलींना लगेच दिसेल.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा, हजेरी कमी, त्यामुळे निवांत बघता आलं. दोन गोष्टी.

एक. बाई आणि डीएड ताईचं वाजलं. बाईंचं म्हणणं आधी बाराखडी घोटून घ्या, का कि की शिवाय गाडी पुढे सरकत नाही. ताई म्हणते पोराला आधी त्याच्या ओळखीचे शब्द द्या, ऊस, बैल, आई, कारखाना, त्यातून अक्षर काढा, नाहीतर ते नुसतं गाणं म्हणतं, वाचत नाही. दोघी व्हरांड्यात हळू आवाजात भांडत होत्या आणि चौथीतला एक पोरगा दोघींकडे आळीपाळीने बघत होता. प्रत्यक्षात काय झालं तर ज्याला बाराखडी तोंडपाठ होती त्याला ‘कु’ एकटा दाखवला की पहिल्यापासून म्हणत यावं लागायचं. ते बाईंनी स्वतःच पकडलं. आता त्या बाराखडीची कार्डं उलटसुलट करून विचारतात, आणि जोडाक्षरं मात्र अजून त्यांच्याच पद्धतीने, पाटीवर अर्धं अक्षर मोठं काढून. ताईही तीच पद्धत उचलतेय, फक्त कबूल करत नाही.

दोन. सिस्टरच्या जोडीला असलेला पोरगा. सगळे म्हणायचे लक्ष देत नाही, हट्टी आहे. सिस्टर नेहमी त्याच्या डाव्या बाजूला बसायच्या, एक दिवस जागा नव्हती म्हणून उजवीकडे बसल्या तर हा एकदम नीट उत्तरं द्यायला लागला. त्यांनी मागून टाळी वाजवून बघितली, मग गुरुजींना सांगितलं. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्यचं, त्यांच्याकडे नाव दिलंय. आईला सिस्टर स्वतः घरी जाऊन भेटल्या. हे काम वह्यावाटपात कधीच झालं नसतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. व्हरांडा गळतोय, वाचन बंद-चालू.

गुरुजी टेन्शनमध्ये. १ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, ज्यांच्या नोकरीला पाच वर्षांपेक्षा जास्त बाकी आहेत त्यांनी दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायचं. गुरुजी पन्नाशीला आले, वीस-बावीस वर्षं शिकवतायत, आता त्यांना परीक्षा. निकालावर माझं मत विचाराल तर शिक्षकाला परीक्षा असावी, पण इतक्या उशिरा आणि अशी मान पकडून नको. असो. आमची डीएड ताई टीईटीचाच अभ्यास करतेय गेली दोन वर्षं. तर आता शनिवारी शाळा सुटल्यावर गुरुजी आणि ताई शाळेतच बसतात, ती त्यांना बालमानसशास्त्राचे प्रश्न सोडवून दाखवते आणि ते तिला वर्ग कसा सांभाळायचा ते सांगतात. हे कोणी प्लॅन केलेलं नव्हतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीनंतरचं पहिलं नीट लिहितेय. साखर कारखान्यांचा हंगाम १ तारखेला सुरू झाला, बीडकडच्या आणि पाथर्डीच्या ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, कोप्या (त्यांच्या झोपड्या) पडल्या. आमच्याकडे दरवर्षी शाळेचा पट या दिवसांत बदलतो. तिकडून पोरं आईबापाबरोबर इकडे येतात, मूळ शाळेने शिक्षण हमी कार्ड दिलं असेल तर इथे सरळ बसवता येतं आणि परत गेल्यावर तिथे हजेरी धरतात. कार्ड प्रत्येकाकडे असतंच असं नाही. नसलं तरी गुरुजी बसवून घेतात.

पण पोरं शाळेपर्यंत येतात कुठे? माणसं पहाटे तीन-चारला फडात जातात. नऊ-दहा वर्षांची पोरगी कोपीत धाकट्याला सांभाळते, तिला शाळा सांगायची तर तान्हं कोणाकडे द्यायचं? हा प्रश्न सोडून आपण ‘शाळेत या’ म्हणत फिरलो तर त्या आया हसतील आपल्याला.

भगिनी मंडळाने हे मनावर घेतलं. पहिला विचार चर्चच्या हॉलमध्ये पाळणाघर. मीच म्हणाले नको, ठरावाच्या वेळी काय बोललोय ते आठवा, आणि बाहेरगावची माणसं, त्यांना कळणारही नाही आपण कोण. मग अंगणवाडी सेविकेशी बोललो. तीन ते सहाची पोरं तिच्याकडे बसूच शकतात, पण तीनच्या खालची? ती म्हणाली दोन बाया रोज माझ्याबरोबर राहणार असतील तर व्हरांड्यात घेते, उद्या एक आली आणि परवा कोणीच नाही असं झालं तर पहिल्याच आठवड्यात बंद करीन. चोख बोलली. रोजची यादी लावली, दोन-दोनच्या जोड्या, शनिवारपर्यंत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कोप्यांवरच्या तीन मुली यायला लागल्या, धाकट्यांना अंगणवाडीच्या व्हरांड्यात सोडून. चौथी मुलगी येत नाही, तिच्या घरचं बाळ अगदीच लहान आहे, आई म्हणते कोणाकडे देणार नाही. बरोबरच म्हणते.

या मुली वर्गात नव्या, वय चौथीचं आणि वाचन पहिलीचं, लाजतात. आबांनी जमवून घेतलं. त्यांनी कंडक्टर असताना बीड, गेवराई, माजलगाव अशा सगळ्या गाड्या मारल्यात, त्यांनी एकीला गाव विचारलं आणि तिथला स्टँड, समोरचं हॉटेल, फाट्यावरचं वडाचं झाड सगळं सांगितलं. मग घरून जुन्या तिकिटांची पेटी आणली, त्या छोट्या कागदी तिकिटांवरचे आकडे वाचून बेरजा. गणित असं सुरू झालं.

टीईटी २३ तारखेला झाली. गुरुजी आणि ताई दोघंही निकालाचं नाव काढू देत नाहीत.

७ डिसेंबर, रविवार

आज जरा कडक बोलणं झालं मीटिंगमध्ये. या आठवड्यात मंगळवारी दोन शिक्षकांपैकी एकजण नगरपालिकेच्या निवडणुकीच्या ड्युटीवर, म्हणजे चार वर्ग आणि एक शिक्षक, आणि नेमके त्याच दिवशी आमचे वाचनाचे दोघंच हजर. कारण काय तर नाताळ! कॅरोलची प्रॅक्टिस, नाटकाची प्रॅक्टिस, चर्चची रंगरंगोटी, करंज्या-अनारसे. चर्चचं कॅलेंडर आणि शाळेचं कॅलेंडर डिसेंबरात समोरासमोर येतं हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही, पण जूनमध्ये आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. मार्चमध्ये लेंटचं (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचं) आणि एप्रिलमध्ये पुनरुत्थानाच्या आठवड्याचं असंच होणार.

बाई म्हणाल्या प्रॅक्टिस संध्याकाळी घ्या, तारणारा रात्रीच जन्मला. विषय संपला.

मग तरुण संघाने शाळेत सांताक्लॉज न्यायचं काढलं. मी नियम दाखवला. तर गंमत अशी की समितीचे अध्यक्षच गुरुजींना म्हणाले होते, यंदा चर्चवाले एवढे येतात मग केक नाही का? शाळेत सगळेच सण होतात, गुरुजींचीही हरकत नव्हती. तासभर चर्चा करून ठरवलं की शाळेत आपण आपणहून काही न्यायचं नाही. ज्यांना यायचंय त्यांनी २५ तारखेला फराळाला घरी यावं, आणि हे निमंत्रण पालकांना त्यांच्या घरी जाऊन द्यायचं, शाळेत पोरांच्या हातात चिठ्ठी द्यायची नाही. काहींना हे फार ताणल्यासारखं वाटलं. मला नाही वाटलं. आज केकवाला खूष आहे, उद्या दुसरा कोणी विचारेल तेव्हा उत्तर गुरुजींना द्यावं लागेल, आम्हाला नाही.

३ जानेवारी २०२६, शनिवार

सावित्रीबाईंची जयंती. मुलींनी भाषणं केली. कोप्यावरच्या एका मुलीने फळ्यावरचा सुविचार वाचून दाखवला, अडखळत, पण वाचला. बाईंना बोलायला सांगितलं तर त्यांनी फरारबाईंचं काढलंच नाही, आपल्या आजीचं सांगितलं, तिला वाचता येत होतं म्हणून गावातल्या सगळ्या बाया पत्रं वाचून घ्यायला यायच्या आणि त्यामुळे सगळ्यांच्या घरातल्या भानगडी तिला माहीत होत्या. बाया जाम हसल्या.

गुरुजींनी वाचनाची चाचणी घेतली होती. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या. जुलैत अक्षरावर अडलेल्यांपैकी बरीच पोरं आता परिच्छेद वाचतात. काही शब्दावरच आहेत. दोघं जिथे होते तिथेच, त्यातला एक महिन्यातून निम्मे दिवस येतच नाही. सिस्टरच्या जोडीच्या पोराचा श्रवणयंत्राचा कागद तालुक्याला गेलाय, अजून यंत्र आलं नाही, सिस्टर दर आठवड्याला फोन करतात. आकडेवारीचा तक्ता पाळकसाहेबांनी वरच्या ऑफिसला पाठवायला मागितला. मी म्हणाले गुरुजींनी शिकवलंय, आपण शेजारी बसलो, तक्ता त्यांचा आहे, त्यांना विचारा.

८ फेब्रुवारी, रविवार

दुसऱ्या एका मंडळीचे लोक बघायला आले होते, त्यांनाही करायचंय. त्यांनी विचारलं बजेट किती. फार नाही, कडी, नळ, कार्डाचा कागद, सुताराचे खिळे. खर्च सगळा वेळेचा आहे आणि तो वेळ कोणाकडे असतो तर रिटायर झालेल्यांकडे आणि नोकरी न लागलेल्यांकडे. दुसऱ्या गटाबद्दल बोलताना मला बरं वाटत नाही, ताईला उद्या नोकरी लागली तर मी पेढे वाटीन आणि गुरुवारची जोडी मोडेल. त्यांना सांगितलं, आधी ठराव घ्या, नियम लिहून घ्या, बसायची सोय बघा, आणि डिसेंबरचं जुलैतच ठरवा. विद्यांजली पोर्टलवर (शाळांना मदत करणाऱ्यांसाठीचं सरकारी पोर्टल) शाळेने मागणी टाकली तर तिथूनही नोंद होते, ते गुरुजी आता करतायत.

माझ्या वयाच्यांसाठी यंदा वेगळं काम काढलंय. शनिवारी शाळा सकाळची असते, सुटल्यावर दोन तास ऑनलाइन माहिती भरायला गुरुजींना मदत. बँकेतले, पतसंस्थेतले, कारखान्याच्या ऑफिसातले, आम्हाला एक्सेल तरी येतं. चौघांनी नावं दिलीत. पोरांचं नाव-आधार वगैरे स्क्रीनवर असतं म्हणून लॉगिन गुरुजींचंच आणि ते शेजारी बसूनच, बाहेर काही न्यायचं नाही.

इंग्लिश मीडियमचं विचाराल तर जूनला मंडळीतली दोन घरं पहिलीसाठी इथे नाव घालायचं म्हणतायत. म्हणतायत. माझा मुलगा सातवीत आहे, माझी सुटका झालेली आहे, पण दुसरीतल्या मुलीच्या त्या आईचा प्रश्न समितीच्या इतिवृत्तात लिहिलेला आहे आणि नवीन समिती झाली की परत वाचला जाईल.

१५ फेब्रुवारी, रविवार

शिल्लक कामं. टोळ्या मार्चअखेर परत जायला लागतील, त्या मुलींची हजेरी आणि वाचनाची पायरी कार्डावर भरून मूळ शाळेच्या गुरुजींना फोन करायचा, आबा करतो म्हणालेत. अंगणवाडीच्या जोड्यांत शुक्रवारची एक जागा रिकामी आहे. भिंतीवरचा नकाशा उन्हाळ्याच्या सुट्टीत, रंग आणून ठेवलाय, किल्ली ताईकडे. बाईंना मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंय, त्यांनी तारीख मेची घेतली, मार्च-एप्रिल परीक्षा आहेत म्हणून. बदली कोण हे ठरलं नाही, कारण त्यांनी ठरवू दिलं नाही.

पुढची मीटिंग १ मार्चला. चहा यावेळी तरुण संघाकडे, भगिनी मंडळाने लेखी कळवलंय की आता पुरे.